फेदो बेटावरची घरे आणि त्यांचा जमाखर्च

फ्रान्सच्या पश्चिम भागात ल्वार नदी अटलांटिक महासागराला मिळते. मुखापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत, नदीच्या काठी नाँत हे शहर वसले आहे. अठराव्या शतकात हे फ्रान्समधल्या सर्वांत गजबजलेल्या बंदरांपैकी एक होते. या शहराच्या मधोमध 'फेदो बेट' नावाची वस्ती आहे. नावात बेट असले तरी आज तिच्याभोवती पाणी नाही. नदीचे फाटे 1926 पासून पुढच्या दोन दशकांत बुजवले गेले. जिथे होड्या लागत, तिथे आता ट्राम आणि मोटारी धावतात. घरे मात्र जागची हललेली नाहीत. पांढुरक्या दगडाची, चार-पाच मजल्यांची, कमानीकमानीवर कोरीव मुखवटे असलेली ही व्यापाऱ्यांची घरे पाहायला दरवर्षी हजारो प्रवासी येतात.

मी या घरांकडे वळलो तो वास्तुकलेच्या ओढीने नव्हे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. बँकेतल्या नोकरीत जमाखर्चाच्या वह्या वाचण्याची सवय लागली आणि त्या सवयीपायी सतराव्या-अठराव्या शतकातल्या सुरतेच्या कापडाचा माग काढण्याचा छंद जडला. ते कापड कुठे गेले, कुणी विकले, कशाच्या बदल्यात विकले, हे शोधता शोधता मोडकीतोडकी फ्रेंच शिकलो आणि शेवटी नाँतला पोहोचलो. या लेखात त्या घरांचे वर्णन आहेच. पण खरा प्रश्न वेगळा आहे. सुंदर घर वारसा म्हणून जपायचे, तेव्हा आपण नेमके काय जपतो? फक्त दगड, की ते दगड ज्या पैशाने आले त्याचा हिशेबही?

वाळूवरची वस्ती

अठराव्या शतकाच्या आरंभी हे बेट म्हणजे नदीतला वाळूचा पट्टा होता. 1720 ते 1729 या काळात झेरार मेल्ये हा नाँतचा महापौर होता. जुन्या, दाट, तटबंदीच्या शहराला मोकळी, सरळ रेषेतली वस्ती जोडण्याची योजना त्याच्या कारकिर्दीत आकाराला आली. वाळूच्या पट्ट्यावर चोवीस भूखंड पाडले गेले आणि ब्रिटनी प्रांताचा राजनियुक्त अधिकारी फेदो द ब्रू याचे नाव बेटाला देण्यात आले. दर्शनी भाग एकसारखे असावेत, असा दंडक होता. भूखंड घेणारे बहुतेक जण जहाजे भरून परदेशी पाठवणारे व्यापारी होते.

वाळूवर घर उभे करणे सोपे नव्हते. आधी काठाच्या भिंती बांधाव्या लागल्या, मग लाकडी खांब खोलवर ठोकावे लागले. खर्च इतका वाढला की काम वर्षानुवर्षे रेंगाळले. बरीचशी घरे शतकाच्या मध्याला उभी राहिली. पायाखालची वाळू खचत गेल्याने काही इमारती कलल्या. आजही रस्त्याच्या मधोमध उभे राहून वर पाहिले, तर खिडक्यांच्या ओळी एका रेषेत नसल्याचे साध्या डोळ्यांना दिसते. एका घराचा सज्जा उजवीकडे उतरतो, शेजारच्याचा डावीकडे.

याच काळात पिएर रूसो नावाचा वास्तुकार नाँतमध्ये नावारूपाला आला. बेटावरची 'ताँप्ल द्यू गू', म्हणजे 'सुरुचीचे मंदिर', ही प्रसिद्ध इमारत त्याची. नाव मंदिराचे असले तरी ते राहते घर आहे. ग्रू या व्यापाऱ्याचे घर आणि शेजारच्या ग्लोरिएत बेटावरचे देर्ब्रूक कुटुंबाचे घर हीही त्याचीच कामे.

घर कसे वाचावे

या घरांसाठी 'ओतेल' हा फ्रेंच शब्द वापरतात. त्याचा आजच्या हॉटेलशी संबंध नाही, शहरातले प्रतिष्ठिताचे घर एवढाच त्याचा अर्थ. पण पॅरिसमधल्या सरदाराचे ओतेल आणि नाँतमधल्या व्यापाऱ्याचे ओतेल यांत मोठा फरक आहे. सरदाराचे घर रस्त्यापासून आत सरकलेले असते. पुढे अंगण, मागे बाग आणि मध्ये घर. व्यापाऱ्याचे घर थेट रस्त्याला आणि धक्क्याला भिडते. त्याला लोकांपासून दूर राहायचे नसते, उलट धक्क्यावर काय उतरते आहे ते खिडकीतून दिसायला हवे असते.

बेटाच्या मधून एक लांब रस्ता जातो. आज त्याला केर्वेगाँ रस्ता म्हणतात. घरे या रस्त्यापासून थेट नदीच्या धक्क्यापर्यंत पसरलेली, म्हणजे एका घराला दोन तोंडे. मध्ये चौक आणि चौकात दगडी जिना. तळमजल्याला मोठ्या कमानी आहेत, त्यांच्यामागे दुकाने आणि वखारी. त्यावर कमी उंचीचा अर्धा मजला, तिथे कारकुनांची बैठक आणि वह्या. त्याच्या वर पहिला मजला, सर्वांत उंच छताचा आणि सर्वांत मोठ्या खिडक्यांचा. तिथे मालक राहतो आणि पाहुण्यांना बसवतो. त्यावरचे मजले भाड्याने दिलेले. छपराखाली नोकरचाकर. म्हणजे हे घर राहण्याची जागा, कचेरी, गोदाम आणि भाड्याचे उत्पन्न असे सगळे एकाच वेळी आहे. ज्याला फ्रेंच भाषेत 'बूर्झ्वा' म्हणतात, त्या वर्गाचे जगणे इतक्या स्पष्टपणे दुसऱ्या कुठल्या वस्तूत दिसत नाही. इथे प्रतिष्ठाही चौरस फुटांवर मोजलेली आहे.

दगडही दोन प्रकारचे आहेत. जमिनीलगतचे थर ग्रॅनाइटचे. तो कठीण आणि पाण्याला दाद न देणारा. वरचे थर 'तुफो' या पांढऱ्या, मऊ चुनखडीचे. हा दगड ल्वारच्या खोऱ्यातून, सोम्युरच्या परिसरातून, होड्यांनी येई. खाणीतून निघाल्यावर तो करवतीने कापता येतो, म्हणून पाथरवटाला त्यावर हवे ते कोरता येते. पण त्याच मऊपणामुळे तो पावसाने आणि धुराने झिजतो. आज ही घरे जपणे म्हणजे मुख्यतः झिजलेला तुफो काढून त्या जागी नवा घडवून बसवणे. सज्जे पोट फुगवल्यासारखे पुढे झुकलेले, घडीव लोखंडाचे. लोहाराने त्यांत वेली, नांगर आणि मालकाच्या नावाची आद्याक्षरे गुंफलेली आहेत.

कमानींवरचे चेहरे

या घरांची ओळख म्हणजे कमानीच्या माथ्यावरच्या मधल्या दगडावर कोरलेले मुखवटे. फ्रेंच त्यांना 'मास्कारों' म्हणतात. फेदो बेटावर आणि जवळच्या फोस धक्क्यावर ते रांगेने दिसतात. दाढीतून पाणी निथळणारे नदीदेव, समुद्रदेव नेपच्यून, व्यापाराचा देव मर्क्युरी, गाल फुगवलेले वारे, केसांत शिंपले माळलेल्या स्त्रिया, जीभ काढणारे विदूषक. आणि त्यांच्यात अधूनमधून जाड ओठांचा, कुरळ्या केसांचा आफ्रिकी चेहरा.

हा चेहरा पाहून प्रवासी थबकतात आणि मार्गदर्शक आवाज खाली आणतात. इथे जरा सावध राहायला हवे. मुखवटे कोरण्याची रीत नाँतची नव्हे, ती फ्रान्सभर होती. चार खंडांची चार रूपे कोरण्याचाही त्या काळी प्रघात होता, आणि आफ्रिकी चेहरा त्या प्रघातातूनही आलेला असू शकतो. प्रत्येक मुखवट्याला गुलामाची प्रतिमा मानणे म्हणजे दगडाकडून त्याने न दिलेली साक्ष वदवून घेणे. तरीही, ज्या व्यापाऱ्याच्या दारावर तो चेहरा आहे त्याची संपत्ती कुठून आली हे ठाऊक असताना, तो केवळ नक्षी म्हणून पाहणेही शक्य होत नाही. व्यापाऱ्याला मात्र त्यात लपवण्यासारखे काही वाटले नव्हते. त्याने तो आपल्या दारावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा लावला.

तळघरात कुणीच नव्हते

अठराव्या शतकातल्या नाँतच्या वैभवाचा पाया म्हणजे गुलामांचा व्यापार. फ्रान्समधून गुलाम आणण्यासाठी जी जहाजे निघाली, त्यांतली दहांपैकी चारांहून अधिक एकट्या नाँतची होती. नाँतच्या अशा सफरींची संख्या सतराशेच्या वर जाते. या जहाजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून नेलेल्या माणसांचा अंदाज साडेचार ते साडेपाच लाखांच्या दरम्यान आहे.

बंदराच्या शहरांत एक दंतकथा हमखास ऐकू येते. या घरांच्या तळघरांत गुलामांना साखळदंडांनी बांधून ठेवत, भिंतीतली लोखंडी कडी त्याचीच, असे सांगितले जाते. ही कथा खरी नाही, आणि ती का खरी नाही हे समजून घेणे मला फार महत्त्वाचे वाटते. जहाज नाँतहून निघे ते माल घेऊन. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो माल देऊन माणसे विकत घेतली जात. तिथून जहाज थेट अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांकडे, बहुतेक वेळा सँ-दोमँगकडे, म्हणजे आजच्या हैतीकडे जाई. तिथे माणसे विकून साखर, कॉफी, नीळ आणि कापूस घेऊन ते परते. साऱ्या फेरीला साधारण दीड वर्ष लागे. वाटेत दर शंभर बंदिवानांमागे सरासरी दहाहून अधिक जण मरत. नाँतच्या धक्क्यावर उतरत ती साखरेची पिंपे. तीही बहुधा लहान होड्यांतून, कारण मोठी जहाजे नदीच्या गाळामुळे खाली पेंबफलाच थांबत.

म्हणजे बहुतेक भागधारकांनी आपल्या पैशाने विकत घेतलेली माणसे कधी पाहिलीही नसतील. एका सफरीचे भाग पाडले जात, सोळावा, बत्तिसावा, त्याहूनही लहान. एखादा डॉक्टर, एखादी विधवा, जहाजाचा कप्तान स्वतः, असे अनेक जण एकेक भाग घेत. जहाज बुडाले तर नुकसान वाटले जाई आणि जबाबदारीची जाणीवही वाटली जाऊन नाहीशी होई. जमाखर्चाच्या या वह्या माझ्या ओळखीच्या पद्धतीच्या आहेत. एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला जमा, शेवटी भागाप्रमाणे वाटणी. माणूस हा त्यांतल्या मालाच्या ओळींपैकी एक ओळ असतो. अक्षर वळणदार असते, बेरीज बरोबर असते.

तळघराची दंतकथा म्हणूनच एका अर्थी सोयीची आहे. ती क्रौर्याला साखळदंडाचे, अंधाराचे, ओळखू येईल असे रूप देते. खरे क्रौर्य अर्ध्या मजल्यावरच्या उजेडात, टाकाच्या टोकाशी बसले होते.

सुरतेचे कापड

या वह्यांत आपल्याकडचाही एक धागा आहे. आफ्रिकेला जाणाऱ्या मालात शस्त्रे, दारू, लोखंडाच्या पट्ट्या आणि मालदीवच्या कवड्या असत. पण किमतीचा सर्वांत मोठा वाटा कापडाचा असे, आणि त्यात भारतीय सुती कापडाला फार मागणी होती. आफ्रिकी व्यापारी पोत आणि रंग पारखून घेत, नकली माल परत करत. कोरोमंडल किनाऱ्यावरचे निळे कापड तर या व्यापारात इतके रुळले की फ्रेंच भाषेत त्याचे नावच 'गिने' पडले. सुरतेकडून जाणाऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या आणि चौकड्यांच्या कापडालाही तिथे गिऱ्हाईक होते.

ज्या 1664 साली शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिला छापा घातला, त्याच वर्षी फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन केली. चार वर्षांनी, 1668 मध्ये, तिची वखार सुरतेत उघडली. कंपनीने पूर्वेकडून आणलेल्या मालाचे लिलाव पुढे अनेक वर्षे नाँतमध्येच होत. 1734 पासून ते लोरियाँ या बंदरात होऊ लागले. देशी विणकरांच्या रक्षणासाठी फ्रान्समध्ये 1686 पासून 1759 पर्यंत रंगीत छापील सुती कापडावर बंदी होती. आफ्रिकेला पाठवण्यासाठी मात्र ते चालत असे. बंदी उठल्यावर नाँतमध्येच भारतीय धर्तीचे कापड छापण्याचे कारखाने निघाले. त्या कापडाचे नाव 'अँदिएन', म्हणजे 'भारतीय'. त्यातले काही आफ्रिकेला गेले, तर काही याच घरांच्या शयनगृहांत पडदे आणि पलंगपोस म्हणून लागले.

आपला विणकर यात भागीदार नव्हता. त्याचे कापड कुठे चालले आहे हे त्याला कळण्याचा मार्गही नव्हता. पण व्यापाराच्या साखळीत ज्याला काही ठाऊक नाही अशी कडी हवीच असते, हे त्यातून दिसते.

पहिल्या मजल्यावरची माणसे

तळघरात बंदिवान नव्हते. तरी नाँतमध्ये आफ्रिकी माणसे मुळीच नव्हती, असे नाही. संख्येने ती थोडी होती आणि ती राहत होती मालकाच्या मजल्यावर. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवताच गुलाम मुक्त होतो, असा जुना संकेत होता. 1716 च्या राजाज्ञेने त्याला बगल दिली. धर्मशिक्षणासाठी किंवा एखादा धंदा शिकवण्यासाठी गुलामाला आणले, आणि तशी रीतसर नोंद केली, तर त्याच्यावरची मालकी कायम राहील, असे ठरले. ही आज्ञा निघावी म्हणून टाचण लिहिणारा गृहस्थ नाँतचाच होता. त्याचे नाव झेरार मेल्ये. पुढे महापौर होऊन ज्याने फेदो बेटाची वस्ती आखली, तोच हा माणूस.

नाँतच्या ब्रिटनी ड्यूकांच्या किल्ल्यात शहराच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. तिथे 1753 साली रंगवलेली दोन चित्रे आहेत. एकात दोमिनिक देर्ब्रूक हा व्यापारी, दुसऱ्यात त्याची पत्नी. दोघेही उंची वस्त्रांत, स्वस्थ, प्रसन्न. दोघांच्याही बाजूला एकेक कृष्णवर्णी सेवक. पत्नीच्या चित्रात साखर आहे, पोपट आहे. मालकाचे नाव, घराणे, व्यवसाय सारे आपल्याला कळते, बाजूच्या दोघांबद्दल चित्र काहीच सांगत नाही. सज्जे, मुखवटे आणि जिने यांच्याइतकाच हा त्या घरांचा वारसा आहे.

त्याच संग्रहालयात 'मारी-सेराफिक' या नाँतच्या जहाजाचे जलरंगातले चित्र आहे. काळ 1770 च्या आसपासचा. जहाज उभे चिरून आतला प्रत्येक थर दाखवला आहे. तळाशी पिंपे, वर माल, त्यावरच्या फळीवर एकमेकांना चिकटून झोपवलेली तीनशेहून अधिक माणसे. चित्रकाराने ती एकेक करून रंगवली आहेत. वास्तुकार जसा घराचा छेद काढतो, तसाच हा जहाजाचा छेद आहे. ते चित्र पाहून बाहेर आल्यावर फेदो बेटावरची घरे मला त्याच पद्धतीने दिसू लागली. खाली माल, त्यावर हिशेब, त्यावर दिवाणखाना. छेद दोन्ही मिळून एकच आहे, मधला महासागर तेवढा वगळलेला आहे.

जपणे आणि सांगणे

फ्रान्समध्ये 1962 च्या कायद्याने जुन्या शहरांचे संपूर्ण भाग संरक्षित करण्याची सोय झाली, आणि 1972 मध्ये नाँतचा जुना भाग त्याखाली आला. त्यामुळे फेदो बेट वाचले. पण तेव्हा जपायचे होते ते दगड. माहितीपत्रकांत 'थोर सागरी व्यापार' असे शब्द असत. गुलामांच्या मालकीचे नियम ठरवणाऱ्या 'काळ्या संहिते'ला 1985 मध्ये तीनशे वर्षे झाली. तेव्हा नाँतमध्ये अभ्यासकांनी परिषद भरवली, पण नगरपालिकेने तिला पाठबळ दिले नाही.

पुढे नगरपालिका बदलली आणि वारेही बदलले. डिसेंबर 1992 मध्ये किल्ल्यात 'स्मृतीच्या कड्या' या अर्थाच्या नावाचे प्रदर्शन उघडले. ते दीड वर्ष चालले आणि सुमारे चार लाख लोकांनी ते पाहिले. 1998 साली, गुलामगिरी रद्द झाल्याच्या दीडशेव्या वर्षी, धक्क्यावर उभारलेल्या मूर्तीची कुणीतरी मोडतोड केली. त्यानंतर कायमचे स्मारक करायचे ठरले. ते 2012 मध्ये ल्वारच्या काठी खुले झाले. धक्क्यावर दोन हजार काचेच्या पट्ट्या बसवल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर जहाजाचे नाव व निघण्याची तारीख आहे. चालताना ती नावे पायाखाली येतात. अनेक जहाजांची नावे मुलींची किंवा सद्गुणांची आहेत.

रस्त्यांच्या नावांचा प्रश्न अधिक अवघड होता. गीयोम ग्रू याचेच पाहा. 1748 मध्ये त्याने भागीदारासह गुलामांच्या व्यापारासाठी मोठी कंपनी काढली. 1774 मध्ये तो वारला, तेव्हा त्याने अनाथ मुलांसाठी मोठी रक्कम मागे ठेवली. शहराने त्या दानाची आठवण म्हणून एका हमरस्त्याला त्याचे नाव दिले. दान खरे होते, त्यामागची कमाईही खरी होती. शहराने अशी नावे सरसकट पुसली नाहीत, अलीकडे काही पाट्यांखाली हा माणूस कोण होता हे सांगणारी पाटी जोडली. नावे काढावीत असे म्हणणारे आहेत, जुने कशाला उकरता असे म्हणणारेही आहेत.

मला खालची पाटी जोडण्याचा मार्ग पटतो. जमाखर्च शिकताना पहिला धडा असतो तो असा की जुनी नोंद खोडायची नाही. ती चुकीच्या खात्यावर पडली असेल, तर तिच्यापुढे नवी नोंद करायची, म्हणजे पुढे वही उघडणाऱ्याला दोन्ही दिसतात. फेदो बेटावरची घरे अडीचशे वर्षे फक्त जमेच्या बाजूने वाचली गेली. ती पाडली तर खर्चाची बाजूही त्यांच्याबरोबर जाईल, कारण सँ-दोमँगच्या मळ्यांत आणि अटलांटिकच्या तळाशी गेलेल्यांनी आपली घरे मागे ठेवलेली नाहीत. त्यांच्याबद्दल सांगायला दगडाची जी साक्ष उरली आहे, तिचा मोठा भाग त्यांना विकणाऱ्यांच्या घरांत आहे. म्हणून तुफोचा झिजलेला दगड बदलण्यावर खर्च व्हायला हवा, आणि दारावर त्या घराचा पूर्ण हिशेबही लागायला हवा.